किरकोळ आजारांचे अवघड शिक्षण

पावसाळा सुरू झाला की दवाखान्याबाहेरची बाकडी भरून जातात. कुणाला सर्दी, कुणाला कणकण, कुणाच्या घशात खवखव, कुणाचे पोट बिघडलेले, कुणाचा कान ठणकतोय, कुणाच्या मांडीला नायटा. केस पेपरवर दोन ओळी, तीन दिवसांच्या गोळ्या, ‘तेलकट खाऊ नका’ असा सल्ला आणि पुढचा रुग्ण. या सगळ्यांना आपण ‘किरकोळ आजार’ म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. रांगेतले बहुसंख्य रुग्ण औषध घेतले तरी आणि न घेतले तरी आठ-दहा दिवसांत बरे होणार असतात.

पण त्याच रांगेत एखादा असा असतो, की ज्याची सर्दी म्हणजे न्यूमोनियाची सुरुवात असते. एखाद्याचा ‘व्हायरल’ हा डेंगी असतो, तर एखाद्या आजींचा ‘गॅस’ हा हृदयविकाराचा झटका असतो. तो एक रुग्ण वेळेत ओळखणे आणि उरलेल्यांना नको ती औषधे न देणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी, पाच-सात मिनिटांत, बहुधा रक्ततपासणी किंवा एक्स-रे हाताशी नसताना करायची असतात. हे कसब अनुभवाने आपोआप येते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते शिकवावे लागते. ते कसे शिकवायचे, कुणाला शिकवायचे आणि शिकवून नेमके काय साध्य होते, याचा अभ्यास गेली अनेक दशके जगभर सुरू आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत समुदाय आरोग्य अधिकारी बाह्यरुग्ण तपासत असताना हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी आला आहे.

हजारातला एक आणि बाकीचे

१९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला एक हिशेब वैद्यकीय शिक्षणात आजही उद्धृत केला जातो. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि मोठ्या, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात पोहोचतो फक्त एक.

आकडे अमेरिका आणि ब्रिटनमधले आणि जुने आहेत, पण त्यामागचा मुद्दा आपल्याकडेही तितकाच लागू पडतो. डॉक्टर, परिचारिका शिकतात ते त्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे हजारातल्या त्या एकावर. तिथे येणारा ताप गंभीर असतो, तिथली पोटदुखी शस्त्रक्रियेची असते. पदवी हाती पडल्यावर मात्र त्यांच्यासमोर बसतात ते उरलेले अडीचशे. त्यांच्यात गंभीर आजार विरळा असतो आणि तो सुरुवातीच्या अवस्थेत असल्याने साध्या आजारासारखाच दिसतो. रुग्णालयात शिकलेला हात अशा वेळी दोन प्रकारे चुकतो. एकतर प्रत्येक तापाला भारी प्रतिजैविके आणि तपासण्यांची यादी, नाहीतर ‘काही नाही, व्हायरल आहे’ म्हणून पाहण्याआधीच सुटका.

म्हणूनच किरकोळ आजारांचे निदान आणि उपचार हा स्वतंत्र अभ्यासक्रमाचा विषय झाला. अनेक देशांत परिचारिका, औषधनिर्माते, पॅरामेडिक अशा अनुभवी कर्मचाऱ्यांसाठी तो पदवीनंतरचे प्रगत प्रशिक्षण म्हणून शिकवला जातो. त्यात औषधांची यादी पाठ करण्यापेक्षा वेगळ्या गोष्टींवर भर असतो: नेमके कोणते प्रश्न विचारायचे, कान-घसा-छाती-पोट कसे तपासायचे, धोक्याच्या कोणत्या खुणा मुद्दाम शोधायच्या, कुणाला वर पाठवायचे आणि कुणाला घरी पाठवताना काय सांगायचे.

घसा पाहणे म्हणजे काय?

साध्या घसादुखीचे उदाहरण घेऊ. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. काही वेळा मात्र तो स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे दुखतो आणि तिथे प्रतिजैविकाला अर्थ असतो. नुसत्या लालीवरून फरक कळत नाही. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये त्यासाठी चार साध्या खुणांचा आधार सुचवला. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरट-पिवळा थर आहे का, जबड्याखालच्या मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखतात का आणि खोकला नाही ना? चारपैकी जितक्या खुणा जास्त, तितकी जिवाणूची शक्यता अधिक. नाक गळते आहे, खोकला आहे, गाठी नाहीत, तर प्रतिजैविकाची गरज जवळजवळ नसतेच.

वाचायला दोन मिनिटे लागणारी ही चार वाक्ये प्रत्यक्षात वापरणे सोपे नाही. गाठी बोटांनी चाचपायला शिकावे लागते, लहान मुलाच्या घशात नीट उजेड पाडून पाहायला शिकावे लागते. शिवाय घसादुखीसारख्याच दिसणाऱ्या धोकादायक गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: तोंड उघडताच येत नाही, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा होऊन श्वासाला घरघर लागली आहे, अशा रुग्णाला तिथेच गोळ्या देणे ही चूक ठरते. आणि नियम कुठला आहे तेही पाहावे लागते. श्रीमंत देशांत संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होणे जवळपास संपले आहे. भारतात ते संपलेले नाही. त्यामुळे शाळकरी मुलाचा जिवाणूजन्य घसा इथे अंगावर काढून चालत नाही. परदेशातला अभ्यासक्रम जसाच्या तसा आणून चालत नाही, तो यामुळे.

श्वास मोजणारी बोटे

किरकोळ आजारांच्या प्रशिक्षणातला कदाचित सर्वांत मोठा धडा पापुआ न्यू गिनी या देशातून आला. खोकला झालेल्या शेकडो मुलांमधून न्यूमोनियाचे मूल कसे ओळखायचे? स्टेथोस्कोपने छातीतले बारीक आवाज ओळखायला वर्षे लागतात. डॉ. फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, एवढे पाहून निर्णयाला बराच आधार मिळतो. न्यूमोनियात फुप्फुस कडक होते, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेते. कारण साधे आहे आणि मोजायला फक्त घड्याळ लागते.

याच पायावर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नव्वदच्या दशकात बालकांच्या आजारांची एकात्मिक पद्धत तयार केली. भारताने त्यात नवजात बाळांची भर घालून ती स्वीकारली. तिचे आकडे आज प्रत्येक प्रशिक्षित परिचारिकेला पाठ असतात. दोन महिन्यांच्या आतील बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबायचे. त्याआधी धोक्याच्या चार सामान्य खुणा विचारायच्या: मूल पिऊ शकते का, सगळे उलटून टाकते का, झटके आले का, मलूल किंवा बेशुद्ध आहे का? यातली एकही खूण असेल तर तो आजार ‘किरकोळ’च्या यादीतून बाहेर.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ही विद्या रुग्णालयातून थेट गावात नेली. अक्षरओळख नसलेल्या दाया साठपर्यंत मोजणार कशा, हा प्रश्न होता. त्यावर मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून उपचार करायचा. गडचिरोलीतील गावपातळीवरच्या न्यूमोनिया उपचारांमुळे बालमृत्यू कमी झाल्याचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीपेक्षा नेमके प्रशिक्षण, साधे साधन आणि सतत देखरेख यांची जुळणी किती काम करते, हे त्यातून जगाला दिसले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दम्याची उबळ आलेल्या किंवा नुसता ताप चढलेल्या मुलाचाही श्वास वाढतो. म्हणजे श्वास मोजणारा काही मुलांना गरज नसताना प्रतिजैविक देतो. म्हणून प्रगत प्रशिक्षणात पुढची पायरी शिकवतात: छातीत शिट्टीसारखा आवाज असेल तर आधी श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन पुन्हा मोजा, ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. मूळ नियम पाठ असणे आणि तो कुठे फसतो हे माहीत असणे, यात प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाचा फरक आहे.

परिचारिका तपासते तेव्हा

डॉक्टर नसलेल्या माणसाने रुग्ण तपासावा का, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हाही विरोध झाला होता. तो मतांनी सुटणारा नव्हता, म्हणून चाचण्या झाल्या.

त्यातली एक चाचणी थेट किरकोळ आजारांवरची होती. लंडनचा आग्नेय भाग आणि केंट परगणा इथल्या पाच दवाखान्यांत त्याच दिवशी तपासणी हवी असलेल्या १,८१५ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. एका गटाला डॉक्टरांनी तपासले, दुसऱ्याला किरकोळ आजारांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी. २००० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निष्कर्ष छापले. परिचारिकांकडे गेलेल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांना डॉक्टरांची मदत लागलीच नाही. परिचारिका सरासरी दहा मिनिटे देत होत्या, डॉक्टर आठ. औषध लिहून देण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते, पण घरच्या घरी काय काळजी घ्यायची हे परिचारिकांनी अधिक वेळा सांगितले. रुग्णांचे समाधानही परिचारिकांकडे अधिक होते. पुढे २०१८ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ने घेतला, तेव्हाही प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित परिचारिकांचे परिणाम डॉक्टरांच्या तोडीचे दिसले.

इंग्लंडने त्यापुढे जाऊन ३१ जानेवारी २०२४ पासून औषधांच्या दुकानांतील औषधनिर्मात्यांकडे सात आजार सोपवले: सायनसचा त्रास, घसादुखी, कानदुखी, कीटकदंश चिघळणे, त्वचेवरचे संसर्गजन्य फोड, नागीण आणि स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. प्रत्येक आजाराला वयाची मर्यादा आहे, प्रश्नांची ठरलेली साखळी आहे आणि कोणत्या पायरीवर रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचे हे लिहिलेले आहे. औषध देण्याइतकेच न देण्याचे नियमही स्पष्ट आहेत. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांशी याची तुलना करण्याचा मोह होईल, पण तिथे दुकानदाराला प्रशिक्षण, नोंदी आणि जबाबदारी या तिन्हींनी बांधले आहे.

‘माझे निदान चुकले तर?’

किरकोळ आजारांच्या शिक्षणात सर्वांत महत्त्वाचा धडा अनिश्चिततेचा आहे. तापाच्या पहिल्या दिवशी जगातला कोणताही डॉक्टर हा ताप पुढे काय रूप घेईल हे खात्रीने सांगू शकत नाही. ब्रिटिश डॉक्टर रॉजर नेबर यांनी १९८७ मधल्या पुस्तकात यासाठी ‘सुरक्षा जाळे’ ही कल्पना मांडली. डोंबाऱ्याच्या खेळात खाली जाळे असावे, तसे. रुग्ण उठून जाण्याआधी तपासणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. निदान बरोबर असेल तर पुढे काय व्हायला हवे? ते चुकले असेल तर मला कसे कळेल? आणि तेव्हा काय करायचे? मग ही उत्तरे रुग्णाला साध्या भाषेत सांगायची.

डेंगीत हे जाळे जीव वाचवते. डेंगीचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. काही रुग्णांत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता या खुणा दिसल्या तर थांबायचे नसते. ‘ताप उतरला की बरे’ असे सांगणारा आणि ‘ताप उतरल्यावर दोन दिवस अधिक लक्ष ठेवा, या खुणा दिसल्या तर लगेच या’ असे सांगणारा, या दोघांनी गोळी पॅरासिटामॉलचीच दिलेली असते. फरक असतो तो प्रशिक्षणाचा. म्हणूनच केस पेपरवर ‘ताप’ एवढेच न लिहिता ‘तापाचा दिवस तिसरा’ असे लिहायला शिकवले जाते. अशा तापात अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी औषधे टाळायची, कारण ती रक्तस्राव वाढवू शकतात, हेही त्याच धड्यात येते.

स्थानिक माहितीशिवाय हे जाळे अपुरे असते. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ‘काल रात्री कुठे झोपला होता?’ हा प्रश्न विचारायला हवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्यास अनेकदा ना वेदना होते, ना दंशाची खूण दिसते. पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे ही पुढची लक्षणे. ती ओळखली तर सर्पविष प्रतिबंधक लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला वेळेत पाठवता येते. पुराच्या, साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्याच्या तापात लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर तिसरे खोकल्याचे औषध देण्याऐवजी क्षयरोगासाठी बेडका तपासायला पाठवायचे असते. आणि मधुमेह असलेली, साठी ओलांडलेली बाई ‘गॅस झालाय, घाम सुटतोय’ म्हणत असेल, तर आधी ईसीजी, मग गॅसची गोळी.

ज्ञान वाढते, औषधे कमी होत नाहीत

प्रशिक्षणाने सगळे सुटते, असे मात्र नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा भारतातलाच आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात गावोगावच्या ३०४ अनौपचारिक, म्हणजे वैद्यकीय पदवी नसलेल्या, ‘डॉक्टरां’वर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नऊ महिन्यांत ७२ सत्रांचे प्रशिक्षण दिले. मग खोटे रुग्ण पाठवले: कुणी छातीत दुखतेय म्हणून, कुणी दमा लागल्याचे सांगत, कुणी घरच्या मुलाला जुलाब होताहेत म्हणून. जिष्णू दास, अभिजित चौधरी, रेशमान हुसाम आणि पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांचा हा अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. प्रशिक्षितांकडे योग्य उपचार मिळण्याचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. पण अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके देणे काही कमी झाले नाही.

याचे कारण अज्ञानापलीकडचे आहे. ज्याचे पोट औषधविक्रीवर चालते तो औषध न देऊन घर कसे चालवणार? आणि इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरला ‘हाताला गुण नाही’ म्हणून रुग्ण सोडून जातात, हे महाराष्ट्रातला कोणताही फॅमिली डॉक्टर सांगेल. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात ‘नाही’ कसे म्हणायचे याचाही सराव असतो. साउदम्प्टन विद्यापीठातील पॉल लिटल यांनी १९९७ मध्ये सातशेहून अधिक घसादुखीच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाला लगेच प्रतिजैविक दिले, एकाला दिले नाही आणि एकाला ‘तीन दिवसांत बरे वाटले नाही तरच घ्या’ असे सांगितले. बरे होण्याच्या काळात तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. मात्र ज्यांना लगेच औषध मिळाले, त्यांना पुढच्या वेळी घसा दुखल्यावरही डॉक्टरकडेच जावेसे वाटू लागले. एक अनावश्यक गोळी पुढच्या अनेक गोळ्यांची सवय लावते, ती अशी.

आजार साधारण किती दिवस चालतो, हे आधीच सांगणे हाही उपचारच. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घसादुखी सुमारे एक आठवडा, सर्दी दीड आठवडा, सायनसचा त्रास अडीच आठवडे आणि खोकला तीन आठवडे टिकू शकतो. तीन दिवसांत खोकला गेला नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्या, दुसऱ्याकडून दुसरे प्रतिजैविक घेणाऱ्या घरात हा एक आकडा सांगितला तरी बरेच काही टळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२२ मध्ये हलका ताप आणि विषाणूजन्य ब्राँकायटिसमध्ये प्रतिजैविके टाळण्याचा सल्ला दिला. कारण आज सर्दीला दिलेले प्रतिजैविक उद्या न्यूमोनियात निरुपयोगी ठरू शकते.

साध्या खोकल्यावरचे औषध किती महागात पडू शकते, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात दिसले. छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या विषारी द्रव्यमिश्रित सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुले दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. दोष भेसळीचा होता, हे खरे. पण त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले ते हे, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. या वयात बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पुरेसे पाणी, आईचे दूध, विश्रांती आणि श्वासावर लक्ष, हाच त्यावरचा शास्त्रीय उपचार आहे.

आपल्या उपकेंद्रात कोण?

२०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजना जाहीर झाली आणि देशातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करायचे ठरले. २०२३ च्या अखेरीस त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. मैदानी भागात सुमारे पाच हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक असलेल्या उपकेंद्रात पूर्वी मुख्यतः लसीकरण आणि माता-बाल आरोग्य हेच काम चाले. आता तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. तो परिचर्या किंवा आयुर्वेद शाखेतला पदवी-पदविकाधारक असतो आणि त्याने सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला असतो. या केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांत ‘साधे तीव्र आजार आणि किरकोळ दुखण्यांवरील बाह्यरुग्ण उपचार’ ही सेवा स्पष्ट नमूद आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही मध्यम स्तरावरील सामुदायिक आरोग्य सेवकांना प्राथमिक उपचारांपुरती मर्यादित परवानगी देण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर मर्यादित प्रमाणात अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्याची वाट उघडली. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये नोंदणीच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू पुन्हा समोरासमोर आल्या. या वादात बहुतेक चर्चा ‘कुणाला अधिकार’ याभोवती फिरते. रुग्णाच्या दृष्टीने त्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: समोर बसलेल्याने किती रुग्ण देखरेखीखाली तपासले? चुकल्यावर त्याला ते कळते का? शंका आली तर फोन उचलणारे कुणी आहे का? हे प्रश्न एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा सर्वांनाच लागू आहेत.

जगभरच्या अनुभवातून चांगल्या प्रशिक्षणाच्या काही अटी स्पष्ट दिसतात. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा खऱ्या रुग्णांवर, अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली सराव अधिक हवा. कामाची कक्षा लिखित हवी. काय करायचे यासोबत काय करायचे नाही, हेही. वर पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, ही माहिती खाली परत यायला हवी. जिल्हा रुग्णालयात त्या मुलाला न्यूमोनियाच निघाला की दमा, हे उपकेंद्राला कळलेच नाही, तर दहा वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाची दहा वेळा उजळणी ठरते. ‘ई-संजीवनी’सारख्या दूरसल्ला सेवेतून उपकेंद्रातला अधिकारी वरच्या डॉक्टरशी बोलू शकतो. प्रत्येक सल्ला हा छोटा धडा व्हावा अशी सोय त्यात करता येण्यासारखी आहे. आणि शेवटी, कपाटात ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन आणि चालू स्थितीतला पल्स ऑक्सिमीटर नसेल, तर सहा महिन्यांचे काय आणि सहा वर्षांचे काय, शिक्षण कपाटापाशी अडते.

रुग्णाच्या हातात काय?

चांगले प्रशिक्षण घेतलेला माणूस ओळखण्याची सामान्य माणसालाही एक सोय आहे. तो औषध लिहिण्याआधी अंगाला हात लावतो, मुलाचा शर्ट वर करून श्वास मोजतो, आजाराचा कितवा दिवस हे विचारतो, सोबत कोणती औषधे चालू आहेत हे विचारतो. मधुमेह, गर्भारपण, अ‍ॅलर्जी याची चौकशी करतो. निघताना ‘पुन्हा कधी यायचे’ हे तारखेऐवजी लक्षणांत सांगतो.

त्याने सांगितले नाही, तर तीन प्रश्न आपण विचारावेत. हा आजार साधारण किती दिवस चालेल? कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता यायचे? हे प्रतिजैविक आहे का आणि असेल तर ते का लागते? या प्रश्नांनी कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि काही गोष्टींत विचारण्यातही वेळ घालवू नये. बाळ दूध ओढत नाही किंवा मलूल पडले आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटका आला, जुलाबांत डोळे खोल गेले आणि लघवी होत नाही, तापात मान आखडली आहे किंवा बोलणे असंबद्ध झाले, छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला, ताप उतरल्यावर पोट दुखून उलट्या थांबत नाहीत. यातले काहीही दिसले तर जवळच्या दवाखान्यात जायचे, आणि तिथे सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. रात्र असो वा सण, सकाळपर्यंत थांबायचे नाही.